खाणीच्या मातीढिगाऱ्यावर झाडोरा परततो आहे का? मोजणीची पद्धत, टप्प्याटप्प्याने

वर्धा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस आणि वणीच्या परिसरात, उघड्या कोळसा खाणींतून काढलेल्या माती-दगडांचे डोंगर जागोजागी उभे आहेत. खाणीत त्यांना ओव्हरबर्डनचे किंवा नुसते ओबीचे ढिगारे म्हणतात. या ढिगाऱ्यांवरच्या वृक्षलागवडीचे बहुतेक अहवाल किती रोपे लावली, किती जगली आणि ढिगारा आता हिरवा दिसतो, एवढ्यावर थांबतात. महाविद्यालयांचे प्रकल्प, ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांच्या नोंदी आणि हौशी निसर्गमंडळांच्या पाहण्यांतही हाच प्रकार वारंवार आढळतो. जमीन सावरते आहे की नाही हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात : न लावता आपोआप काय उगवले, लावलेली झाडे बी धरून पुढची पिढी तयार करतात का, आणि झाडांखालच्या जमिनीवर गवत व पालापाचोळा टिकतो का. या तिन्हींचे उत्तर एका पाहणीत मिळत नाही. त्यासाठी तीच जागा, त्याच दिवसांत, त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा मोजावी लागते, आणि मोजणीची पूर्वतयारी चुकली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

खालील क्रम वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गोव्यातल्या लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांसाठी काय बदलावे ते ओघात सांगितले आहे.

टप्पा १ : ढिगाऱ्याची कागदपत्रे आधी, पायपीट नंतर

पुढील माहिती हाती आल्याशिवाय जागेवर जाऊ नये : ढिगाऱ्यावर माती टाकणे कोणत्या वर्षी थांबले, लागवड कोणत्या वर्षी झाली, वर सुपीक माती पसरली होती का आणि किती जाडीची, कोणत्या जाती किती अंतरावर लावल्या, पाणी किती उन्हाळे दिले, आणि नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे) कोणत्या वर्षी भरल्या. ही माहिती खाणीच्या खाणबंदी आराखड्यात आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींवरील सहामाही अनुपालन अहवालांत शोधावी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार हे अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला सादर करावे लागतात, आणि ते सार्वजनिक दस्तऐवज आहेत. जुन्या ढिगाऱ्यांच्या नोंदी सापडल्या नाहीत, तर त्या काळात तिथे काम केलेल्या कामगारांकडून आणि रोपवाटिकेतल्या माणसांकडून विचारून घ्याव्यात. मात्र अशा तोंडी माहितीपुढे तसा शेरा लिहून ठेवावा.

*इशारा :* ढिगाऱ्याचे वय लागवडीच्या वर्षापासून मोजू नये. माती टाकणे थांबल्यावर चार-पाच वर्षे पडून राहिलेल्या ढिगाऱ्यावर लागवडीच्या आधीच रुई, एरंड, बोर आणि गवते आलेली असतात. त्यांचे श्रेय लागवडीला दिले की सगळी तुलना बिघडते. दोन्ही वर्षे वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत.

टप्पा २ : परवानगी आणि सुरक्षा

वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीची, खाण बंद झालेली दिसली तरी ढिगारा खाणीच्या हद्दीत असतो, त्यामुळे खाण व्यवस्थापकाची लेखी परवानगी आणि सोबत त्यांचा माणूस आवश्यक असतो. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या बाजूला दाट वाढलेल्या ढिगाऱ्यांवर वाघ व बिबट्यांचा वावर असतो. तिथे चारपेक्षा कमी माणसांनी जाऊ नये, ऊन वर आल्यावर काम सुरू करावे आणि दुपार कलण्यापूर्वी खाली उतरावे. पावसाळ्यानंतर घळींच्या काठावर उभे राहू नये, कारण खालची माती वाहून गेलेली असते आणि वरून ते कळत नाही. ओबीत मिसळलेल्या कोळशाने आतून पेट घेतलेला असू शकतो. एखाद्या ठिकाणी धूर, गंधकाचा वास किंवा गोलाकार वाळलेला पट्टा दिसला, तर त्याचे स्थान लांबूनच नोंदवावे आणि त्यावर पाय ठेवू नये.

टप्पा ३ : ढिगाऱ्याचे भाग पाडणे आणि तुलनेच्या जागा ठरवणे

माथ्यावरची, उतारावरची, टप्प्यांच्या सपाट पट्ट्यांवरची आणि पायथ्याची झाडे वेगवेगळ्या परिस्थितीत वाढतात. माथ्यावर यंत्रांच्या वर्दळीने जमीन दबलेली असते, उतारावरून बी आणि बारीक माती दोन्ही वाहून जातात, आणि पायथ्याशी तेच साचते. उतार कोणत्या दिशेला आहे यावरही तो किती तापतो हे ठरते. म्हणून नकाशावर ढिगाऱ्याचे किमान चार भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाचा हिशोब शेवटपर्यंत वेगळा ठेवावा. पायथ्याला गाडीतून उतरून तिथल्याच हिरवाईत चौकटी (मोजणीसाठीचे ठरावीक मापाचे चौकोन) आखल्यामुळे संपूर्ण ढिगारा सावरल्याचा निष्कर्ष निघालेले अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत.

तुलनेसाठी दोन जागा लागतात. पहिली म्हणजे जवळचे, साधारण त्याच उंचीवरचे आणि त्याच पावसाचे नैसर्गिक शुष्क पानझडी जंगल. यासाठी ताडोब्याचा गाभा निवडू नये. गावाशेजारचा, थोडीफार चराई सोसणारा जंगलाचा तुकडा अधिक न्याय्य ठरतो, कारण ढिगाऱ्यावरही चराई होणारच असते. दुसरी जागा बहुतेक जण विसरतात : तेवढ्याच वयाचा, पण लागवड न केलेला ढिगारा किंवा ढिगाऱ्याचा एखादा कोपरा. निसर्गाने स्वतःहून किती केले आणि लागवडीमुळे किती भर पडली, हे त्याच्याशिवाय वेगळे काढता येत नाही. असा कोपरा शिल्लक असेल, तर तिथे लागवड करू नये अशी विनंती व्यवस्थापनाला आधीच करावी.

*पडताळणी :* मूळ जमीन शेती किंवा गायरान होती आणि बंदी आराखड्यात ती गवताळच ठेवायची असेल, तर जंगलाशी तुलना गैर आहे. अशा वेळी चांगले राखलेले गवती रान हीच तुलनेची जागा.

टप्पा ४ : चौकटी आखणे

चौकटींच्या जागा घरी, नकाशावर, चिठ्ठ्या टाकून किंवा समान अंतराच्या जाळीने ठरवाव्यात आणि जीपीएसच्या साहाय्याने त्या जागी जावे. जागेवर पोहोचल्यावर चौकट कशी पडावी हे नजरेवर सोडले, तर ती नकळत झाडांच्या बाजूला सरकते.

झाडांसाठी १० × १० मीटर, तिच्या एका कोपऱ्यात झुडपांसाठी ५ × ५ मीटर, आणि चार कोपरे व मध्य मिळून गवत-औषधी वनस्पतींसाठी १ × १ मीटरच्या पाच चौकटी, अशी एकात एक मांडणी करावी. ढिगाऱ्याच्या प्रत्येक भागात निदान पाच मोठ्या चौकटींनी सुरुवात करावी. नवी चौकट घेतल्यावर नव्या जाती सापडणे जवळपास थांबेपर्यंत संख्या वाढवत न्यावी.

उतारावर एक चूक हमखास होते. चौकटीचे क्षेत्रफळ आडव्या पातळीत धरायचे असते, टेप मात्र उतारावर टेकवून धरली जाते. ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत सहसा असते. या २८ अंशांच्या उतारावर वरून खाली टेपने १० मीटर मोजले, तर चौकट प्रत्यक्षात सुमारे ८८ चौरस मीटरचीच होते आणि झाडांची दाटी तितक्या प्रमाणात कमी लागते. म्हणून अशा ठिकाणी उताराच्या दिशेने ११.३ मीटर घ्यावे आणि उताराला आडव्या बाजूने १० मीटरच ठेवावे. मोबाइलमधल्या कोनमापकाने उतार प्रत्येक चौकटीपाशी मोजून नोंदवावा.

कोपऱ्यांच्या खुणा कायमच्या हव्यात. लोखंडी सळ्या ठोकल्या तर त्या वर्षभरात भंगारात जातात. काळी माती पसरलेल्या ढिगाऱ्यावर लाकडी खुंट्याही टिकत नाहीत, कारण उन्हाळ्यात भेगा पडून आणि पावसाळ्यात माती फुगून त्या कलंडतात. सिमेंटचे छोटे खांब दोन फूट खोल गाडून फक्त चार बोटे वर ठेवावेत, जीपीएसचे आकडे लिहून घ्यावेत आणि जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासूनचे अंतर व दिशाही नोंदवावी. साध्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो, म्हणून नुसत्या आकड्यांवर विसंबू नये.

*पडताळणी :* चौकट आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत, तर चौकट तिरकी झाली आहे. सीमारेषेवर येणारी झाडे दोन बाजूंची धरावीत आणि दोन बाजूंची सोडावीत. कोणत्या दोन, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहावे.

टप्पा ५ : फेऱ्यांच्या वेळा

वर्षातून दोन फेऱ्या पुरतात, पण त्यांच्या तारखा सरकता कामा नयेत.

पहिली फेरी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी. या काळात गवतांना तुरे आलेले असतात आणि एका पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती अजून उभ्या असतात. डिसेंबरमध्ये गेल्यास त्यातल्या निम्म्या ओळखताही येत नाहीत, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेल्यावर जाती अचानक वाढल्याचा भास होतो.

दुसरी फेरी जगलेल्या रोपांच्या मोजणीची. ती मे महिन्यात करण्याची पद्धत पडली आहे आणि ती घातक आहे, कारण साग व इतर काही पानझडी झाडे तेव्हा निष्पर्ण असतात आणि घाईत ती मेलेली धरली जातात. पहिल्या चांगल्या पावसानंतर पालवी फुटते, आणि नांग्या भरायला त्यानंतर थोडा अवकाश असतो. जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यातले हे दिवस पकडावेत. मे महिन्यातच जावे लागले, तर प्रत्येक निष्पर्ण रोपाच्या सालीवर नखाने हलकेच ओरखडावे : आत ओलसर हिरवी रेघ दिसली तर रोप जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडी दिसली तर तसेच बुंध्याजवळ पुन्हा पाहावे, कारण शेंडा वाळून बुडातून फूट येणारी रोपे ढिगाऱ्यावर बरीच असतात. त्यांची नोंद "शेंडा मेला, बूड जिवंत" अशी वेगळी करावी.

टप्पा ६ : चौकटीतल्या नोंदीचा क्रम

क्रम असा : आधी छायाचित्र, मग गवत व औषधी वनस्पती, मग झुडपे, आणि सर्वांत शेवटी झाडे. झाडांचे घेर मोजायला आधी शिरले की पायाखाली कोवळी रोपे आणि गवत तुडवले जाते, आणि ज्याच्यासाठी आलो तेच नष्ट होते.

१. *छायाचित्र.* ठरलेल्या एकाच कोपऱ्यातून, समोरच्या कोपऱ्याकडे, डोळ्यांच्या उंचीवरून, झूम न करता घ्यावे. चौकटीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी चित्रात यावी.

२. *गवत व औषधी वनस्पती.* गवताचे ठोंब मोजत बसण्यापेक्षा जमिनीवरचे आच्छादन टक्क्यांत लिहावे. एक चौरस मीटरच्या चौकटीत १० × १० सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे एक टक्का; तेवढ्या मापाचा पुठ्ठा हातात ठेवला की अंदाज भरकटत नाही. जातवार आच्छादनाबरोबर उघडी माती, दगड आणि पालापाचोळा यांचेही टक्के लिहावेत. मारवेल, कुसळी, पवन्या यांसारखी बहुवर्षायू गवते वर्षागणिक वाढत असतील, तर ती जमीन स्थिरावल्याची उत्तम खूण आहे. नुसता तरोटा आणि गाजरगवत दाटले असेल, तर आच्छादनाचा आकडा मोठा दिसूनही जमीन अजून पहिल्याच पायरीवर आहे असे समजावे.

३. *आपोआप आलेली रोपे.* हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे आणि याच रकान्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो. लावलेले रोप ओळीत असते, त्याच्या बुडाशी खड्ड्याची किंवा आळ्याची खूण असते, आणि पहिल्या एक-दोन वर्षांत माती किंचित उकरली तर रोपवाटिकेच्या पिशवीच्या चिंध्याही सापडतात. आपोआप आलेले रोप ओळ पाळत नाही. पळस, बोर, हिवर, तेंदू, कडुनिंब यांची रोपे अशी दिसली, तर ती बियांपासून आली आहेत की जुन्या मुळातून फुटली आहेत हेही पाहावे. पक्षी बसतात अशा झाडांखाली बोर व कडुनिंबाची रोपे पुंजक्याने येतात; ती जागा मुद्दाम नोंदवावी, कारण बी आणणारे पाहुणे येऊ लागल्याचा तो पुरावा आहे.

*इशारा :* सुबाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्या रोपांचा गालिचा पुष्कळदा "नैसर्गिक पुनरुत्पादन उत्तम" या शेऱ्याखाली जातो. ही रोपे वेगळ्या रकान्यात लिहावीत. घाणेरी, गाजरगवत आणि रानतुळस म्हणून खपणारे हिप्टिस यांनाही तोच नियम लागू. गोव्यात याच रकान्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि रानमोडी येतील. शिवाय तिथल्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसामुळे प्रत्येक चौकटीत घळींची रुंदी व खोली मोजणे हे स्वतंत्र काम मानावे लागेल.

४. *झुडपे व झाडे.* जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजावा. उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या बाजूने धरावी. ३० सेंटिमीटर किंवा जास्त घेराचे ते झाड, १० ते ३० चे ते तरुण झाड, त्याखालचे ते रोप. १.३७ मीटरच्या खालीच फाटे फुटले असतील तर प्रत्येक फाट्याचा घेर घ्यावा, मात्र झाड एकच मोजावे. फुले-फळे आहेत का, तोड झाली आहे का, शेळ्यांनी शेंडे खाल्ले आहेत का आणि वणव्याची काजळी आहे का, यांसाठी प्रत्येकी एक रकाना पुरतो.

नाव खात्रीने कळले नाही तर अंदाजाने लिहू नये. "अज्ञात १", "अज्ञात २" असे क्रमांक द्यावेत आणि फुला-फळांसह नमुना चौकटीबाहेरून घेऊन वर्तमानपत्रात दाबून ठेवावा. महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाला जमले नाही, तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्राकडे ओळख पटवून घेता येते. स्थानिक नाव लिहाच, पण शास्त्रीय नाव ठरल्याशिवाय जात मोजणीत धरू नका.

टप्पा ७ : माती

मोठ्या चौकटीत पाच ठिकाणांहून वरच्या १५ सेंटिमीटरची माती घेऊन ती एकत्र करावी. सामू, विद्युत वाहकता, उपलब्ध नत्र-स्फुरद-पालाश आणि मातीची घनता एवढ्या तपासण्या पुरेशा आहेत. घनतेसाठी नमुना कडीच्या साच्याने, न दाबता, वेगळा काढावा लागतो.

कोळसा खाणीच्या मातीत सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी थांबावे. नेहमीच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत मातीत मिसळलेल्या कोळशाच्या कणांचाही काही भाग मोजला जातो, त्यामुळे कालपरवा टाकलेल्या नापीक ओबीतही कर्ब भरपूर दिसतो. चाळलेली माती पांढऱ्या बशीत पसरून भिंगाखाली पाहिली, तर हे चकाकणारे काळे खडे आणि मऊ, तपकिरी, तंतुमय कुजका पाला यांतला फरक स्पष्ट दिसतो. ज्या नमुन्यात काळे खडे आहेत, त्याच्या कर्बाच्या आकड्यापुढे तसा शेरा लिहावा आणि त्या आकड्यावरून जमीन सुधारल्याचा निष्कर्ष काढू नये. एकूण नत्राबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण कोळशातही नत्र असते.

टप्पा ८ : उपग्रह-चित्रांचा उपयोग, मर्यादेत

रांचीची सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट कोल इंडियाच्या उघड्या खाणींचे उपग्रहांवरून निरीक्षण करते : कोळसा आणि ओबी मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त काढणाऱ्या खाणींचे दरवर्षी आणि त्याहून लहान खाणींचे दर तीन वर्षांनी. सेंटिनेल-२ ची १० मीटर तपशिलाची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. लागवडीखालचे क्षेत्र किती आणि उघडे पट्टे कुठे आहेत, हे पाहायला ती उत्तम आहेत.

हिरवेपणाच्या निर्देशांकावरून, म्हणजे एनडीव्हीआयवरून, झाडोऱ्याची प्रत मात्र ठरत नाही. एप्रिलच्या चित्रात सदाहरित ऑस्ट्रेलियन बाभळीचा ढिगारा शेजारच्या निष्पर्ण सागाच्या जंगलापेक्षा हिरवा दिसतो, आणि घाणेरीचे रान ऑक्टोबरच्या चित्रात चांगल्या मिश्र झाडोऱ्यासारखे दिसू शकते. चित्र वापरायचे तर प्रत्येक वर्षी त्याच पंधरवड्यातले घ्यावे आणि त्याचा अर्थ चौकटींतल्या नोंदींवरून लावावा.

टप्पा ९ : हिशोब

जगलेल्या रोपांचा हिशोब बहुतेक ठिकाणी कसा फसतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका हेक्टरवर २ × २ मीटर अंतराने २५०० रोपे लावली. पहिल्या वर्षी ९०० मेली, त्यांच्या जागी ७०० नांग्या भरल्या. पुढच्या वर्षी मोजणीत २००० रोपे उभी दिसली, आणि अहवालात ८० टक्के जगल्याचे लिहिले गेले. प्रत्यक्षात त्यातली १४५० मूळची आणि ५५० नांग्यांची आहेत. मूळ लागवडीतून जगलेली ५८ टक्के, आणि नांग्यांपैकी जगलेली सुमारे ७९ टक्के, असे दोन आकडे स्वतंत्रपणे द्यायला हवेत. हे शक्य व्हावे म्हणून नांगी भरताना त्या रोपाच्या काठीला वेगळ्या रंगाची पट्टी बांधून घ्यावी. नंतर ती ओळखण्याचा खात्रीचा मार्ग राहत नाही.

प्रत्येक जातीसाठी दाटी, वारंवारता (ती किती चौकटींत आढळली) आणि घेरावरून आधारक्षेत्र (खोडांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ) काढावे. तिन्हींच्या सापेक्ष टक्केवारीची बेरीज केली की त्या जातीचा महत्त्व-निर्देशांक मिळतो. विविधतेसाठी जातींची संख्या आणि त्यांचे प्रमाण दोन्ही धरणारा शॅननचा निर्देशांक काढला जातो, पण तो देशी आणि उपऱ्या जातींत फरक करत नाही. म्हणून तो दोनदा काढावा : एकदा सर्व जाती धरून आणि एकदा लावलेल्या व आक्रमक जाती वगळून. दुसरा आकडा वर्षागणिक चढत असेल, उघड्या मातीचे टक्के उतरत असतील आणि आपोआप आलेल्या देशी रोपांपैकी काही १० सेंटिमीटर घेराच्या पुढे सरकत असतील, तर झाडोरा परततो आहे असे म्हणायला आधार आहे. रोपे दरवर्षी उगवतात पण तरुण झाडांच्या गटात एकही पोहोचत नाही, असे दिसले तर चराई, वणवा किंवा दबलेली जमीन यांपैकी कारण शोधावे.

*इशारा :* वेगवेगळ्या वयांचे ढिगारे एकाच वर्षी पाहून "पाच वर्षांत इतके, दहा वर्षांत इतके" असा आलेख काढण्याचा मोह होतो. त्या ढिगाऱ्यांवर पसरलेली माती, लावलेल्या जाती आणि दिलेले पाणी सारखे होते हे टप्पा १ च्या कागदांवरून सिद्ध झाल्याशिवाय तसा आलेख छापू नये.

टप्पा १० : पुढच्या फेरीची सोय

पहिली तीन वर्षे दरवर्षी, मग पाचव्या वर्षी, आणि त्यानंतर दर तीन ते पाच वर्षांनी त्याच चौकटी मोजाव्यात. माणसे बदलणारच असतात, म्हणून नवी तुकडी येईल तेव्हा जुन्या तुकडीतल्या निदान एकाने पहिल्या दिवशी सोबत जावे आणि दोघांनी एकच चौकट स्वतंत्रपणे मोजून आकडे जुळवावेत. आच्छादनाच्या अंदाजात दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली, तर पुठ्ठा घेऊन पुन्हा सराव करावा आणि मगच पुढची चौकट घ्यावी.

अहवालाबरोबर मूळ नोंदतक्ते, चौकटींचा नकाशा आणि छायाचित्रे जोडावीत. यांची एक प्रत खाणीकडे, एक संस्थेकडे आणि एक जवळच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे ठेवावी. खाण बंद होऊन तिथले कार्यालय उठल्यानंतरही चौकटींचे खांब कुठे गाडले आहेत, हे त्या गावातल्या दप्तरातून शोधता आले पाहिजे.